हात थांबवण्याचा गुन्हा

सरकारदरबारी एक शब्द आहे. अत्यावश्यक. संपाची नोटीस आली की हा शब्द कपाटातून बाहेर निघतो. पाणी अत्यावश्यक, वीज अत्यावश्यक, रेल्वे, एस.टी., दवाखाना, गटार, कचरा, सगळंच अत्यावश्यक. संप मिटला की शब्द परत कपाटात. मग गटारात उतरणारा माणूस पुन्हा हंगामी, कंत्राटी, मस्टरवर नाव नसलेला. काम अत्यावश्यक आणि काम करणारा फालतू. हे गणित कुणी मांडलं, कधी मांडलं आणि पहिल्यांदा कुणाच्या पाठीवर मांडलं, ते या लेखात बघायचं आहे.

मी वकील नाही. सूतगिरणीत पाळी करतो आणि मिळेल ते वाचतो. कायद्याची पुस्तकं वकील वाचतात आणि शिक्षा आपण भोगतो, अशी आजवरची वाटणी आहे. ती वाटणी मोडायची तर कलमं आपणच वाचली पाहिजेत. कलमांची भाषा मुद्दाम अवघड ठेवलेली असते. पण सावकाश वाचलं की कळतं, की प्रत्येक कलमात एक माणूस उभा असतो आणि दुसरा वाकलेला असतो.

१.

आधी एक गोष्ट नीट वेगळी करून घेऊ. सार्वजनिक सेवा बंद पडू नयेत म्हणून सरकारनं दोन प्रकारचे कायदे केले. दोन काठ्याच म्हणा.

पहिली काठी वस्तू मोडणाऱ्यासाठी. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात कलम २५ होतं. तारा तोडल्या, खांब पाडले, संदेश अडवायच्या हेतूनं यंत्र बिघडवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद. १८९० च्या रेल्वे कायद्यात रुळावर धोंडा ठेवणाऱ्याला शिक्षा होती. या काठीवर माझं फार भांडण नाही. रेल्वे घसरली तर तिसऱ्या वर्गात बसलेली आपलीच माणसं आधी मरतात.

दुसरी काठी हात थांबवणाऱ्यासाठी. यानं काही मोडलेलं नसतं, जाळलेलं नसतं. यानं फक्त झाडू खाली ठेवलेला असतो. पाना खाली ठेवलेला असतो. तो म्हणतो, या पगारात, या हालात मी आज काम करत नाही. त्यालाही तुरुंग.

सत्ताधाऱ्यांची खरी चलाखी इथं आहे. ते दोन्ही काठ्या एकाच हातात धरतात. ‘सेवा विस्कळीत करणे’ असा एकच शब्द दोघांनाही लावतात. मग ऐकणाऱ्याला वाटतं की तारा कापणारा आणि झाडू खाली ठेवणारा एकाच जातीचे गुन्हेगार. पहिला माणूस दुसऱ्याची वस्तू नासवतो. दुसरा माणूस स्वतःचा हात स्वतःपाशी ठेवतो. स्वतःचा हात स्वतःपाशी ठेवणं हा गुन्हा कसा होतो? तो हात त्याचा नाही, दुसऱ्याचा आहे, असं आधी धरलं तरच होतो. आणि माणसाचा हात दुसऱ्याच्या मालकीचा असेल तर त्या माणसाला जगाच्या प्रत्येक भाषेत गुलाम म्हणतात.

२.

इंग्रजांनी कायदा आणला त्याच्या आधी आपल्या गावात हे सगळं होतंच. त्याला कायदा म्हणत नव्हते, धर्म म्हणत होते. नंतर वतन म्हणू लागले. सरकारी टपाल पोचवायचं, वसुलीच्या पैशाबरोबर चालायचं, येस्कराची काठी घेऊन राखण करायची, मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा घेऊन रानोमाळ पळायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर गावाचं पोस्ट, पोलीस, आरोग्यखातं आणि रस्ता हे सगळं महारवाड्याच्या पायांवर चालत होतं. मांगवाड्याच्या दोरावर गावची मोट चालत होती. गावाची अत्यावश्यक सेवा गावकुसाबाहेर राहत होती.

इंग्रजानं १८७४ साली वतनाचा कायदा करून या राबवणुकीवर सरकारी शिक्का मारला. बदल्यात तुकडाभर जमीन आणि घरोघरचं बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करायचं विधेयक मांडलं, ते उगीच नाही. इनाम म्हणून दाखवलेली ती बेडी होती, हे त्यांनी ओळखलं होतं. महार वतनं कायद्यानं संपायला १९५८ साल उजाडावं लागलं.

महाडनंतर गावोगाव आपल्या माणसांनी ढोरं ओढायचं सोडलं. हा आपला पहिला मोठा संप, असं मी मानतो. इतिहासाच्या पुस्तकात संप म्हटलं की गिरणीचा भोंगा आठवतो. पण ज्या दिवशी एखाद्या महारवाड्यानं सांगितलं की आजपासून तुमचं ढोर तुम्ही ओढा, त्या दिवशी त्या गावात संपच झाला होता. आणि त्याची शिक्षाही ठरलेली होती. वाण्यानं मीठ द्यायचं नाही, पाटलानं रानात पाय ठेवू द्यायचा नाही, पाणी तोडायचं, झोपडी पेटवायची. बहिष्कार म्हणजे गावानं चालवलेला संपबंदी कायदा. कोर्ट नाही, वकील नाही, अपील नाही.

३.

शहरात आलो तरी तोच हात पाठीमागं आला. फक्त त्यानं टाय घातला.

१८५९ साली इंग्रज सरकारनं एक कायदा केला, कामगारांच्या करारभंगाचा. उचल घेतलेला मजूर काम सोडून गेला तर मालकानं मॅजिस्ट्रेटकडं जायचं. मॅजिस्ट्रेट मजुराला सांगणार, पैसे परत कर नाहीतर कामावर जा. दोन्ही केलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकानं करार मोडला तर? मग मजुरानं दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. म्हणजे एकाच करारात मालकाची चूक ती नुसती चूक, आणि मजुराची चूक तो गुन्हा. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडलं.

मग मुंबईचे हलालखोर. टोपलीच्या संडासातला मैला डोक्यावरून वाहणाऱ्यांना महापालिकेच्या कागदात हलालखोर म्हणत. त्यातले पुष्कळजण गुजरात-काठेवाडातून पोटासाठी आलेले. शहर वाढत होतं, गिरण्या वाढत होत्या, चाळी वाढत होत्या. एवढ्या मोठ्या शहराचा मैला रोज पहाटे बायाबापडे, पोरंसोरं डोक्यावरून नेत होती. १८८९ साली या माणसांनी काम थांबवलं. गिरणी बंद पडली तर मालकाचा नफा बुडतो. हलालखोर थांबला तर मलबार हिलच्या बंगल्यात आणि गिरगावच्या वाड्यात एका दिवसात नाकाला रुमाल लागतो. ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्यावाचून आपलं एक दिवसही चालत नाही, हे शहराला तेव्हा कळलं.

कळल्यावर शहरानं काय केलं? पगार वाढवून माणसासारखं वागवलं असतं तर हा लेख लिहावाच लागला नसता. १८९० साली मुंबई सरकारनं महापालिकेच्या नोकरांसाठी खास कायदा केला. सफाई आणि आग विझवण्यासारख्या ठरावीक खात्यांतल्या माणसांनी परवानगीशिवाय, मुदतीची नोटीस न देता काम सोडलं, किंवा कामाला नकार दिला, तर ते खटल्याला आणि तुरुंगाला पात्र. भारतात गिरणी कामगारांच्या मोठ्या युनियन उभ्या राहायच्या कितीतरी आधी, ‘शहर थांबवणं’ हा फौजदारी गुन्हा मैला वाहणाऱ्याच्या नावावर लिहिला गेला होता.

पुढं उत्तरेत तर कायद्यानं जातीलाच सही करून दिली. पंजाबच्या १९११ च्या आणि संयुक्त प्रांताच्या १९१६ च्या नगरपालिका कायद्यांत ‘रूढीनं चालत आलेला सफाईवाला’ अशी वेगळी कलमं आहेत. रूढीनं ज्या घराचा संडास त्याच्या वाट्याला आला, तिथं त्यानं हयगय केली तर घरमालकानं तक्रार करायची आणि त्याला दंड व्हायचा. आता बघा, ज्याच्याशी कागदावर कधी करार झाला नाही, त्याला करार मोडल्यासारखी शिक्षा. करार कुणी केला होता? मनूनं केला होता. सही इंग्रज मॅजिस्ट्रेटची होती.

४.

कायद्याची एक चाल असते. ती शेवटच्या माणसापासून सुरू होते आणि मग वर सरकते. वरच्याला वाटतं, हे तर त्यांच्यासाठी आहे, आपल्याला काय. तोवर दोर त्याच्या गळ्यापर्यंत आलेला असतो.

१९२९ साली दिल्लीच्या असेंब्लीत ट्रेड डिस्प्यूट्स कायदा आला. याच विधेयकाच्या वेळी ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकला, हे आपल्याला शाळेत सांगतात. विधेयकात काय होतं ते सांगत नाहीत. त्यात ‘लोकोपयोगी सेवा’ अशी व्याख्या होती. टपाल, तार, टेलिफोन, वीज, पाणी, सरकार जाहीर करील त्या रेल्वे आणि सार्वजनिक सफाई. इथल्या महिनेवारी कामगारानं चौदा दिवसांची नोटीस न देता संप केला तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा पन्नास रुपयांपर्यंत दंड. १८९० साली जे मुंबईच्या सफाई कामगारावर आलं होतं, ते आता तारवाल्यावर आणि दिवाबत्तीवाल्यावर आलं.

नऊ वर्षांनी तो दोर गिरणीत पोचला. १९३७ साली मुंबई इलाख्यात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. बाळासाहेब खेर मुख्य झाले. सप्टेंबर १९३८ मध्ये या मंत्रिमंडळानं औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं. आता प्रश्न नुसत्या पाण्याचा, विजेचा राहिला नाही. कापडाच्या गिरणीतल्या कामगारानंसुद्धा आधी तडजोडीच्या सगळ्या पायऱ्या चढायच्या, महिनोन्महिने थांबायचं. मधेच संप केला तर तो बेकायदा आणि शिक्षेला पात्र. स्वराज्यासाठी तुरुंगात गेलेली माणसं मंत्री झाली आणि पहिल्या दीड वर्षात कामगारासाठी तुरुंगाचं दार उघडून बसली.

१५ सप्टेंबर १९३८ ला बाबासाहेब या विधेयकावर विधानसभेत बोलले. ते भाषण प्रत्येक कार्यकर्त्यानं मिळवून वाचावं, कारण आपल्याकडं बाबासाहेबांना फक्त मंदिराच्या पायरीशी आणि घटनेच्या पानाशी उभं करायची सवय लागली आहे. गिरणीच्या दारातले बाबासाहेब कुणी दाखवत नाही. त्यांचा मुद्दा सरळ होता. संप म्हणजे नोकरीचा करार मोडणं. करार मोडणं ही दिवाणी बाब आहे, नुकसानभरपाई मागा. तो गुन्हा होत नाही. इंडियन पीनल कोड लिहिणाऱ्यांनीसुद्धा सेवेचा करार मोडणं सरसकट गुन्हा मानलं नव्हतं, फक्त ४९०, ४९१, ४९२ अशी तीन अगदी मर्यादित कलमं ठेवली होती. मग माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कामावर ठेवण्यासाठी तुरुंगाची भीती घालणं म्हणजे काय? त्याला गुलाम करणं. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे, असं त्यांनी ठणकावलं. या विधेयकाला कामगारांचं नागरी स्वातंत्र्य तहकूब करणारा कायदा असं नाव द्यायला हवं, असंही ते म्हणाले.

यामागं आपल्याच लोकांचा अनुभव होता, हे विसरू नका. गिरणीत अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात घेत नव्हते. कांडी बदलताना धागा तोंडानं ओढून धोट्यात घ्यावा लागे, म्हणून सवर्ण विणकराला विटाळ होई. पगार साचेखात्यात चांगला, आणि आपण कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता. तुमच्या मागण्यांत आमच्या साचेखात्याची मागणी कुठं आहे? कामगारांच्या एकीत शिवाशिव लपवणाऱ्यांशी ते भांडले. पुढं फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि त्याच वर्षी, संपावरच घाला आला तेव्हा, ज्यांच्याशी भांडण होतं त्या कम्युनिस्टांबरोबरही ते उभे राहिले. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावट्याच्या युनियननी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. बाबासाहेब स्वतः कामगार भागात फिरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. कायदा मात्र झालाच.

त्या कायद्याचा वंश पुढं वाढला. त्याच्या जागी १९४६ साली मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला, ज्याला गिरणगाव बी.आय.आर. म्हणून ओळखतो. एका धंद्यात एकच मान्यताप्राप्त युनियन, बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागं सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत हा कायदा रद्द करा ही मागणी होती. सरकारनं संप बेकायदा ठरवला. अडीच लाख माणसं बेकायदा. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, ते मात्र कायदेशीर.

५.

स्वातंत्र्य आल्यावर तरी काही बदललं का? थोडक्यात सांगतो, कारण ही यादी एकसुरी आहे.

१९५७ च्या जुलैअखेरीस दिल्लीत सफाई कामगारांचा संप चालू असताना पंचकुईया रोडवरच्या त्यांच्या वस्तीत पोलिसांनी गोळीबार केला. भूपसिंग नावाचा तरुण मेला. ३१ जुलै हा दिवस उत्तरेत सफाई मजदूर दिवस म्हणून पाळतात. आपल्या कॅलेंडरवर तो नाही, तो असायला हवा.

१९६० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारचे कर्मचारी संपावर गेले. वटहुकूम निघाला, अत्यावश्यक सेवा राखण्याचा. १९६८ च्या सप्टेंबरमध्ये एका दिवसाचा लाक्षणिक संप. पुन्हा वटहुकूम, मग कायदा. मे १९७४ मध्ये सतरा लाखांच्या रेल्वेत संप झाला. आणीबाणी यायला अजून एक वर्ष होतं, पण मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली हजारो रेल्वे कामगार उचलले गेले, क्वार्टरमधून बायकापोरं बाहेर काढली गेली. १९८१ साली ‘एस्मा’ आला. तो केंद्राचा कायदा मुदत संपून १९९० साली गेला, पण राज्याराज्यांनी आपापले एस्मा करून ठेवले. महाराष्ट्रात त्याला ‘मेस्मा’ म्हणतात. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, त्याच दिवसांत विधिमंडळानं तो नव्यानं मंजूर करून घेतला. २०२१ साली दारूगोळा कारखान्यांच्या कामगारांसाठी खास संरक्षण सेवा कायदा आला, वर्षभराच्या मुदतीचा. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भंडारा इथल्या कामगारांवर त्याची टांगती तलवार होती. संपात गेला तर एक वर्षापर्यंत कैद, दुसऱ्याला चिथावलं तर दोन वर्षांपर्यंत.

कोर्टानंही साथ दिली. संप हा मूलभूत हक्क नाही असं सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली सांगितलं. २००३ साली तामिळनाडूच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात तर सरकारी नोकराला संपाचा नैतिक हक्कसुद्धा नाही, इथवर मजल गेली.

आणि आता नवी संहिता. २०२० साली संसदेनं औद्योगिक संबंध संहिता केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तिच्यात चौदा दिवसांच्या नोटिशीची अट कुठल्याही औद्योगिक आस्थापनेला लागते. लोकोपयोगी सेवा आणि बाकीचे धंदे हा फरकच पुसला. तडजोडीची बोलणी सुरू झाली की त्या काळातला संप बेकायदा. बेकायदा संपाला एक महिन्यापर्यंत कैद, किंवा हजार ते दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. १८९० साली मुंबईच्या हलालखोरापासून निघालेला दोर एकशे पस्तीस वर्षांत देशातल्या सगळ्या कामगारांच्या गळ्यापर्यंत आला. मैला वाहणाऱ्याच्या संपाकडं त्या वेळी नाकाला रुमाल लावून बघणाऱ्यांच्या पणतवंडांना आता रुमालाचा उपयोग नाही.

६.

आता दोन कायदे शेजारी ठेवून वाचू. मी हे वाचलं तेव्हा त्या रात्री पाळीवर माझं लक्ष लागलं नाही.

पहिला १९८४ चा, सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा. त्यातल्या कलम ३ मध्ये खास मोलाच्या मालमत्तांची यादी आहे. पाणी, वीज यांची यंत्रणा, तेलाचे साठे, खाणी, कारखाने, वाहतूक, दूरसंचार. आणि याच यादीत आहे मैलापाण्याची, गटाराची यंत्रणा. तिचं नुकसान केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि कमीत कमी सहा महिने, त्याहून कमी द्यायची तर न्यायाधीशानं कारण लिहून ठेवायचं.

दुसरा २०१३ चा, हातानं मैला उचलायला लावण्याच्या बंदीचा. संरक्षणाची साधनं न देता माणसाला गटारात, सेप्टिक टाकीत उतरवलं तर पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कमीत कमी किती? काही नाही. कमीत कमीचा आकडाच नाही. नुसत्या दंडावर सुटता येतं.

म्हणजे गटाराचा पाइप फोडला तर पाच वर्षं. त्याच पाइपात माणूस गुदमरून मेला तर या कायद्यानं दोन वर्षं, तीही खटला उभा राहिला तर. पाइप सार्वजनिक मालमत्ता आहे. माणूस कुणाची मालमत्ता नाही, हे खरं, आणि चांगलंच आहे. पण म्हणून तो पाइपापेक्षा स्वस्त कसा झाला? सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली गटारातल्या मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. भरपाई वाढली. मरण थांबलं नाही.

हे फक्त गटारापुरतं नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातली गेली. वस्ती हमरस्त्यावर आली. राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसं गेली. पोलिसांचं म्हणणं काय होतं? जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता. म्हणजे पुन्हा तेच, रस्ता आणि टँकर वाचवायचा होता. चौकशी करणाऱ्या गुंडेवार आयोगाला तो गोळीबार समर्थनीय वाटला नाही. पण दहा माणसं परत आली नाहीत. मोडणाऱ्यासाठीची काठी आणि थांबणाऱ्यासाठीची काठी एका हातात असली की काय होतं, ते रमाबाई नगरच्या भिंतींना विचारा.

आणि नोकरीचं म्हणाल तर मुंबईत कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. निकाल २०१७ साली लागला. तोवर ते कायम कामगार नव्हते. पण त्यांनी कचरा उचलायचा थांबवला असता तर? तर एका तासात ते अत्यावश्यक झाले असते.

७.

मग आपण काय म्हणायचं? दवाखाना बंद पडू द्या, पाणी तोडा, असं? नाही. झोपडपट्टीत टँकर आला नाही तर घसा आपला कोरडा पडतो. सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसला तर बाळंतीण आपली मरते. ज्या सेवांवर जीव अवलंबून आहेत त्यांच्यासाठी काही शिस्त हवी, हे मी मान्य करतो. पण शिस्त दोन्हीकडून हवी. ज्याचा संपाचा हक्क तुम्ही घेता, त्याला बदल्यात काय देता? काम अत्यावश्यक ठरवलं त्याच कागदावर त्याचा कायमचा पगार, त्याचं घर, त्याची सुरक्षा, ठरावीक दिवसांत त्याच्या मागणीचा निवाडा हे अत्यावश्यक म्हणून लिहा. एकतर्फी अत्यावश्यक म्हणजे वतन. नाव बदललं, बलुतंसुद्धा उरलं नाही, राबणूक तेवढी राहिली.

घटनेचं कलम २३ काढून वाचा. त्यात वेठबिगारीवर बंदी आहे. त्याचा दुसरा भाग फार कुणी वाचत नाही. सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं, पण ती लावताना धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेद करता येणार नाही. मी या वाक्यावर बराच वेळ थांबलो. गावाची सेवा, देशाची सेवा म्हणून कुणाला राबवलं जातं, हे घटना लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून दार उघडं ठेवतानाही त्यांनी उंबऱ्यावर अट ठेवली. मग विचारा, मुकादम कोण आणि गटारात कोण? झाडूच्या मस्टरवर एकाच जातीची नावं पिढ्यान्‌पिढ्या येतात, आणि त्याच मस्टरवर संपबंदीचा शिक्का बसतो, तर तो भेद आहे की नाही? कोर्टात हे टिकेल की नाही ते वकील बघतील. सभेत, वस्तीत, युनियनच्या बैठकीत हा प्रश्न आपण विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

दोस्तहो, आपल्यातले काहीजण म्हणतात, युनियन हे लाल बावट्यांचं काम, आपलं काम जातीचं. हे वाटप कुणाच्या फायद्याचं आहे ते बघा. बाबासाहेबांनी हे वाटप कधी मान्य केलं नाही. त्यांनी साचेखात्याचा प्रश्न संपाच्या मंडपात नेला आणि संपाचा प्रश्न विधानसभेत नेला. आज आपल्या वस्तीतला पोरगा कचऱ्याच्या गाडीवर आहे, बाई दवाखान्यात आया आहे, मेहुणा एस.टी.त आहे, भाऊ विजेच्या खांबावर कंत्राटी आहे. हे सगळे ‘अत्यावश्यक’ आहेत. त्यांना त्यांच्या कायद्यातलं एक कलमही कुणी समजावून सांगितलेलं नाही. ते काम आपलं.

प्रत्येक शाखेनं एवढं करावं. आपल्या भागातल्या सफाई कामगारांची यादी करा. कायम किती, कंत्राटी किती, हातमोजे-बूट-मास्क कुणाला मिळतात, गटारात कोण उतरतं, कुणाच्या हुकमानं उतरतं, हे लिहून काढा. २०१३ चा कायदा मराठीत त्यांच्यासमोर वाचा. १५ सप्टेंबरला बाबासाहेबांचं ते भाषण वस्तीत मोठ्यानं वाचा. ३१ जुलैला भूपसिंगाची आठवण काढा.

२२ मार्च २०२० ला करोनाच्या साथीत देशानं थाळ्या वाजवल्या. सफाई कामगारांसाठीही वाजवल्या म्हणे. थाळी वाजवायला काही लागत नाही. ती भरायला लागतं. आपले हात काय किमतीचे आहेत, ते हात थांबल्यावरच या शहराला कळतं, आणि ते कळू नये म्हणूनच तर हात थांबवणं हा गुन्हा केला आहे.

जयभीम.